ड्राफ्टिंग-डिझाइनच्या कामासाठी माउस कसा निवडावा? दुखरे मनगट, अंगठा आणि बोटांच्या मुंग्या

महाड-पोलादपूर म्हटले की भातशेती, एमआयडीसी आणि मुंबई-गोवा महामार्ग डोळ्यांसमोर येतात. पण या दोन तालुक्यांत दिवसभर संगणकावर रेघा ओढणारे हातही बरेच आहेत. सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात घराचे प्लॅन काढणारे ड्राफ्ट्समन, बिरवाडीकडच्या कारखान्यांसाठी पाइपिंगची ड्रॉइंग करणारे तरुण, लग्नसराईत रात्री जागून पत्रिका आणि फ्लेक्स तयार करणारे डिझायनर, लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारी मुले. यांच्यापैकी कोणी मनगट धरून दवाखान्यात आले की बऱ्याचदा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, कोणता माउस घेऊ?"

याचे थोडक्यात उत्तर असे. तुमच्या पंजाला बसणारा, हलका, चाक सहज दाबले जाणारा माउस घ्या. तो कोपराच्या जवळ ठेवा आणि हाताला टेबलाचा आधार द्या. महागडा माउस आवश्यक नाही. मात्र बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर आधी तपासणी करा आणि मग खरेदी. त्या मुंग्यांमागे मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असू शकतो, आणि तो कोणत्याही माउसने बरा होणार नाही.

माउसमुळे हाताला नेमके काय होते?

पूर्वीचा ड्राफ्ट्समन उभ्या बोर्डासमोर टी-स्क्वेअर सरकवत काम करायचा. त्यात खांदा, कोपर, पाठ, पाय सगळेच हलायचे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली माउस जगाला दाखवला, १९८२ मध्ये ऑटोकॅड आले, आणि तेच सगळे काम मनगट आणि दोन-तीन बोटांवर येऊन पडले. वजन काही ग्रॅमचेच, पण तीच हालचाल दिवसातून हजारो वेळा. शिवाय हालचाल नसतानाही हात माउसवर ताणून ठेवलेला असतो. स्नायूंना थकवण्यात या न दिसणाऱ्या ताणाचा वाटा मोठा असतो.

साधा माउस धरताना तीन गोष्टी घडतात. तळहात पूर्ण जमिनीकडे वळतो, त्यामुळे कोपरापासूनची दोन्ही हाडे एकमेकांवर पिळली जातात. पंजा वरच्या बाजूला उचललेला राहतो. आणि मनगट करंगळीच्या दिशेने वाकते. थोडा वेळ यातले काहीच वाईट नाही. रोज आठ-दहा तास, तेही लोकांच्या प्लॅन मंजुरीच्या घाईत, असे झाले की त्रास सुरू होतो.

दुखते कुठे, यावर उपाय ठरतो

माउस निवडण्याआधी आपले दुखणे कोणत्या जागी आहे ते नीट ओळखा.

• कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते, कप उचलताना किंवा दाराची मूठ फिरवताना कळ येते: पंजा उचलून धरणाऱ्या स्नायूंवर ताण आलेला असतो. यालाच टेनिस एल्बो म्हणतात. टेनिस खेळायची गरज नसते.

• अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखते: अंगठा हलवणाऱ्या कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला त्रास झालेला असू शकतो. अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीकडे वाकवली की कळ वाढते. तान्हे बाळ सतत उचलणाऱ्या आयांनाही हा त्रास होतो, आणि मोबाइलवर अंगठ्याने टाइप केल्याने तो वाढतो.

• अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो किंवा मुंग्या येतात, करंगळी मात्र ठीक असते: मनगटातल्या मधल्या नसेवर दाब येत असावा. हेच कार्पल टनेल सिंड्रोम. रात्री झोपेतून जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे ही याची अगदी नेहमीची खूण आहे.

• करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात: दुसरी नस दाबली जात आहे, बहुधा कोपराजवळ. कोपर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कठीण हातावर टेकवून बसणाऱ्यांत हे दिसते.

• मान हलवल्यावर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते: मूळ मानेत असू शकते. येथे माउस बदलून फारसा उपयोग नाही.

कार्पल टनेल: मनगटातला अरुंद बोगदा

मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा एक अरुंद मार्ग असतो. त्यावर जाड पट्ट्याचे छप्पर असते. या जागेतून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. घाटातल्या बोगद्यात नऊ ट्रक आणि एक दुचाकी एकदम शिरावी, तशी ही गर्दी. कंडरांभोवती सूज आली किंवा मनगट जास्त वाकले, तर सर्वांत आधी चेंगरते ती मऊ नस.

मग हा आजार माउसनेच होतो का? डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला वीस तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत मुंग्यांची तक्रार जास्त आढळली, पण संगणकाचा वापर हा खऱ्या कार्पल टनेलचा मोठा धोका आहे असे त्यात दिसले नाही. याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे असा नाही. अर्थ एवढाच की हाताला मुंग्या आल्या की सगळा दोष माउसला देऊन मोकळे होऊ नये.

माउस विकत घेताना काय पाहावे?

*आकार.* मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. ढोबळमानाने सतरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लहान पंजा, एकोणीसपेक्षा जास्त म्हणजे मोठा. मोठा पंजा आणि लॅपटॉपबरोबर मिळणारा चिमुकला माउस ही जोडी वाईट: बोटे आखडून नखांच्या टोकांनी माउस पकडावा लागतो. उलट लहान पंजाच्या व्यक्तीला मोठा माउस दिला तर चाकापर्यंत बोट ताणावे लागते. आपल्याकडे ऑफिसात सगळ्यांना एकाच मापाचे माउस येतात. बाटाच्या दुकानात आपण सगळ्यांसाठी आठ नंबरची चप्पल घेत नाही, एवढे साहेबांना सांगायला हरकत नाही.

*चाक.* ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांनी सर्वांत आधी हे तपासावे. ड्रॉइंग सरकवण्यासाठी चाक दाबून धरावे लागते, आणि तेही दिवसभर. स्वस्त माउसची चाके दाबायला कडक असतात, त्यामुळे मधल्या बोटाचा सांधा दुखू लागतो. दुकानात उभे राहून चाक वीस-तीस वेळा दाबून पाहा. काही माउसमध्ये बाजूची बटणे असतात. चाक दाबण्याचे काम त्यातल्या एका बटणाला देता आले तर बोटाला सुट्टी मिळते.

*वजन आणि वायर.* एका पेन्सिल सेलचे वजन साधारण तेवीस ग्रॅम. दोन सेलचा माउस दिवसभर उचलून-सरकवून हात शिणतो. ताणलेली वायरही माउसला मागे खेचत राहते. वायरचा घेणार असाल तर ती सैल ठेवा.

*बाहेरचे आवरण.* कोकणातल्या दमट हवेत रबरासारखा मऊ लेप काही काळाने चिकट होतो आणि सुटू लागतो. साधे, किंचित खरबरीत प्लास्टिक जास्त टिकते. घामेजल्या हाताने गुळगुळीत माउस निसटतो, मग आपण नकळत पकड घट्ट करतो.

*वेग.* हे फुकट आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये पॉइंटरचा वेग असा ठेवा की माउस थोडासा हलवून स्क्रीनच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येईल. मात्र नेमक्या बिंदूवर थांबता येईल इतकाच.

माउसचे प्रकार: कोणाला कोणता?

उभा माउस. यात हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो, हाडांची पिळवणूक कमी होते. कोपराच्या बाहेर किंवा हाताच्या वरच्या बाजूला दुखणाऱ्यांना बऱ्याचदा आराम वाटतो. पण हा माउस म्हणजे कार्पल टनेलवरचे औषध नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्पल टनेलच्या रुग्णांना उभा माउस आणि खास पॅड देऊन मनगटाच्या आतला दाब मोजला. मनगटाची ठेवण बदलली, पण दाब कमी झाला नाही. शिवाय बारीक कामात पहिले आठ-दहा दिवस अचूकता कमी वाटते. सबमिशनच्या आदल्या दिवशी तो सुरू करू नका.

ट्रॅकबॉल. माउस जागेवर राहतो, फक्त चेंडू फिरवायचा. खांदा दुखणाऱ्यांना आणि छोट्या टेबलावर काम करणाऱ्यांना चांगला. चेंडू अंगठ्याने फिरवायचा की बोटांनी, ते पाहून घ्या. अंगठ्याचे मूळ दुखत असेल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल नकोच.

पेन टॅब्लेट. फोटोचे कटिंग, अक्षरलेखन, चित्रे यांसाठी उत्तम. पत्रिका-फ्लेक्सच्या कामात दिवसातला काही भाग पेनवर नेला तर हाताची पकड बदलते, आणि पकड बदलणे हीच विश्रांती. मोजमापाच्या ड्रॉइंगसाठी मात्र बहुतेकांना माउसच सोयीचा वाटतो.

डावा हात. दोन्ही हातांना चालणारा साधा माउस डावीकडे ठेवा आणि सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करा. सुरुवातीला ई-मेल, फाइल शोधणे अशी सोपी कामे रोज तासभर. दोन-तीन आठवड्यांत सवय होते. पण उजव्या हाताचे दुखणे नुसते डाव्या हाताकडे सरकवू नका. दोघांत काम वाटून घ्या.

माउसपेक्षा टेबल महत्त्वाचे

आपल्याकडच्या ऑफिसातली काच हा एक वेगळाच विषय आहे. टेबलावर काच, तिच्याखाली देवाचा फोटो, कॅलेंडर आणि व्हिजिटिंग कार्डे. काचेवर साधा ऑप्टिकल माउस नीट चालत नाही, कर्सर उड्या मारतो आणि हात आणखी आवळला जातो. एक साधा कापडी पॅड घ्या. हजारो रुपयांच्या माउसआधी हे करून पाहा.

दुसरी गोष्ट अंतराची. कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची बटणे असतात, त्यामुळे माउस आणखी उजवीकडे जातो आणि हात बाहेर ताणलेला राहतो. खांदा आणि मान दुखण्याचे हे मोठे कारण. ड्राफ्ट्समनला मापे टाकायला आकडे तर हवेतच. यावर उपाय म्हणजे आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड आणि वेगळा मिळणारा नंबरपॅड डाव्या हाताला. माउस इतका जवळ हवा की कोपर बरगडीजवळच राहील.

तिसरी गोष्ट उंचीची. आपली ऑफिसची टेबले साधारण अडीच फुटांची, म्हणजे बुटक्या माणसाला उंच. खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा फळी ठेवा. खांदे वर न उचलता कोपर काटकोनात आणि कोपरापासून पुढचा हात टेबलावर टेकलेला, ही योग्य बैठक. अशा आधारासोबत हाताच्या ठेवणीला मानवणारा माउस दिला तर मान आणि खांद्याचा त्रास कमी होतो, असे काही अभ्यासांतही दिसले आहे.

मनगटाखाली मिळणाऱ्या जेलच्या उशीबद्दल: ती थांबलेल्या वेळी तळहाताचा मागचा भाग टेकवण्यासाठी आहे. मनगटाची आतली बाजू तिच्यावर दाबून माउस फिरवला तर नस आणखीच दाबली जाते.

काम करण्याची पद्धत बदला

मनगटाच्या आतला दाब मोजणाऱ्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली आहे: माउसवर हात नुसता ठेवण्यापेक्षा बटण दाबून धरून ओढताना दाब बराच वाढतो. म्हणून ओढण्याचे काम कमी करा.

• ऑटोकॅडमध्ये आज्ञा कीबोर्डवरून द्या: रेषेसाठी 'एल', कॉपीसाठी 'सीओ', ट्रिमसाठी 'टीआर'. स्पेसबार दाबला की मागची आज्ञा पुन्हा मिळते. हे काम डाव्या हाताचे.

• सिलेक्शन करताना बटण दाबून ओढण्याऐवजी एक क्लिक इथे, दुसरी क्लिक तिथे.

• कोरलड्रॉमध्ये वस्तू सरकवायला बाणांची बटणे वापरा. पूर्ण काम स्क्रीनवर आणायला 'एफ ४' दाबा.

• विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'क्लिकलॉक' नावाची सोय आहे. ती चालू केली की बटण क्षणभर दाबून सोडले तरी ते दाबलेलेच समजले जाते.

• अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठा. मूठ मिटा-उघडा, खांदे फिरवा, हात खाली सैल सोडा. फोनवर बोलताना किंवा प्रिंट निघताना माउसवरून हात काढा.

हाताचा उरलेला दिवस

माउस सोडल्यावर हाताची सुट्टी होते असे नाही. पोलादपूरहून महाडला रोज मोटारसायकलने येणारा माणूस हँडल घट्ट पकडून, हादरे घेत येतो. घरी भाकऱ्या थापणे, कपडे पिळणे, पावसाळ्यात लावणी आणि नंतर कापणी-झोडणी, रात्री अंथरुणात मोबाइल. दुखणे हे या सगळ्याची बेरीज असते. म्हणून दुखण्याच्या काळात कपडे पिळणे, जड कळशी उचलणे अशी कामे घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावीत. "दिवसभर खुर्चीत तर बसून असतो, याचा हात कसा दुखतो?" असे घरच्यांनी म्हणू नये. दुखणे खरे असते.

नवा माउस घेण्याआधी कोणत्या तपासण्या?

बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मी रक्तातील साखर आणि थायरॉइड (टीएसएच) तपासायला सांगतो. मधुमेहात नसा नाजूक होतात आणि थोड्या दाबानेही त्रास देतात. थायरॉइड कमी असेल तर ऊतींना सूज येऊन मनगटातली जागा कमी होते. गरोदरपणातही अशाच कारणाने मुंग्या येतात आणि बहुधा बाळंतपणानंतर कमी होतात. दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील तर संधिवाताचा विचार करावा लागतो. साखरेची तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. त्यासाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. नसेचा वेग मोजणारी तपासणी सगळ्यांना लागत नाही. निदान पक्के करायचे असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा ती करतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• मुंग्यांमुळे रात्री वारंवार जाग येत असेल.
• विश्रांती घेऊन आणि बैठक सुधारून दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल.
• हातातून वस्तू निसटत असतील, शर्टाची बटणे लावता येत नसतील.
• अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा खोलगट दिसू लागला असेल.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. स्नायू सुकू लागला म्हणजे नस बराच काळ दाबली गेली आहे. फार उशीर झाला तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. ज्याचे पोट हातातल्या नेमकेपणावर चालते, त्याने इथपर्यंत थांबू नये.

एका हाताची ताकद अचानक गेली, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत दडपण किंवा घाम असेल तर हृदयाचा त्रास असू शकतो. अशा वेळी एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मनगटाचा पट्टा वापरावा का?* कार्पल टनेलमध्ये रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा चार-सहा आठवडे वापरल्याने अनेकांना आराम पडतो. तो घट्ट नसावा. दिवसा पट्टा बांधून तसेच रेटून काम करणे योग्य नाही.

*मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतली तर?* एखाद-दुसऱ्या दिवसासाठी ठीक, पण रोज गोळी घेऊन तितकेच काम करत राहणे धोक्याचे. पित्त, रक्तदाब आणि मूत्रपिंड यांवर परिणाम होतो. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

*ताकदीची इंजेक्शने घेऊ का?* बी-१२ कमी असेल तर त्याचा उपयोग. नस दाबली गेली असेल तर इंजेक्शनाने जागा मोकळी होत नाही.

*हात ओढून, चोळून घेतला तर?* हलका शेक चालेल. जोराने ओढणे आणि दाबणे टाळा. चेंगरलेली नस त्याने आणखी दुखावते.

*शस्त्रक्रिया करावीच लागते का?* बहुतेकांना नाही. बैठक, पट्टा, मूळ आजारावर उपचार, आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडून मनगटातले इंजेक्शन एवढ्यावर अनेकांचे भागते. स्नायू सुकत असेल किंवा बधिरपणा कायमचा झाला असेल तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात काही विकत घेऊ नका. माउस जवळ आणा, काचेवर पॅड ठेवा, खुर्ची वर घ्या, वेग बदला. दुखणे कुठे आणि किती वाजता होते ते रोज एका ओळीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात ती वही पाहून ठरवा: पंजाला न बसणारा माउस असेल तर योग्य मापाचा घ्या, हाताची वरची बाजू किंवा कोपर दुखत असेल तर शक्य झाल्यास मित्राचा उभा माउस दोन दिवस वापरून पाहा. आणि वहीत "रात्री मुंग्या" हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले, तर दुकानात जाण्याआधी तीच वही घेऊन डॉक्टरांकडे या.